तिच्या उजव्या अंगठ्याविषयी

आमच्या केंडोच्या वर्गात, म्हणजे बांबूच्या तलवारीने लढायची जपानी विद्या जिथे शिकवतात तिथे, नव्या मुलांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. परदेशी शिक्षक पुण्यात आले त्या शिबिरात काकांनी उतारवयात पहिली श्रेणी मिळवली, आणि आमची सगळ्यात चांगली खेळाडू मात्र हरली, कारण तिचं मन ऑनसाइटला, कंपनीच्या अमेरिकेतल्या कामाला, लागलं होतं. काका म्हणजे मी. गोष्टीचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा खोटा. इतकी वर्षं मी ती मान खाली घालून ऐकली.

बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर वेळ जाईना म्हणून मी या वर्गात गेलो. "अहो, भाजीची पिशवी उचलताना खांदा दुखतो ना आपला?" एवढंच बायको म्हणाली. मला तिथे उभं राहायला शिकवलं ते याच खेळाडूने, यवतमाळहून आलेल्या एका मुलीने. सॉफ्टवेअर कंपनीत जपानी ग्राहकांचं काम म्हणून ती जपानी शिकली आणि भाषेच्या मागोमाग केंडोपर्यंत पोचली. माझ्या मुलीच्या वयाची. माझं काही चुकलं तर सगळ्यांसमोर कधी बोलायची नाही. शेजारी येऊन तेच बरोबर करून दाखवायची.

शिबिर वाघोलीजवळच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. आमचा सराव शनिवार पेठेतल्या शाळेत, शहाबादी फरशीवर. इथे लाकडी जमीन. "काका, टाचा खूश झाल्या असतील तुमच्या," ती म्हणाली. जपानहून आलेले मुख्य शिक्षक माझ्याहून वयस्कर होते, पण चालताना त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे. त्यांचं बोलणं ती दिवसभर मराठी-इंग्रजीत सांगत होती आणि मधल्या वेळात स्वतः घाम गाळत होती.

श्रेणीच्या परीक्षेत शेवटी काता असतो. अंगावर चिलखत न घालता, लाकडी तलवारी घेऊन दोघांनी ठरलेले वार आणि त्यांची ठरलेली उत्तरं करून दाखवायची. तलवार समोरच्याला लागता कामा नये. अंतर कळतं की नाही हेच परीक्षक बघतात. जोड्या वयाच्या क्रमाने लावल्या आणि सर्वांत मोठा मी एकटा उरलो. अशा वेळी परीक्षा होऊन गेलेल्या कोणीतरी पुन्हा उभं राहायचं असतं. तिचा काता उत्तम झाला होता, तिला गरज नव्हती. हात तिनेच वर केला.

दुसऱ्या प्रकारात मी तिच्या मनगटावर वार करायचा आणि तिने तिरकं मागे सरकून तो हवेत जाऊ द्यायचा. घाईत मी पाऊल जास्त पुढे टाकलं. तलवारीचं टोक तिच्या उजव्या अंगठ्यावर बसलं. तो हात परीक्षकांच्या पलीकडच्या बाजूला होता, त्यांना दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. माझ्या डोळ्यांवरची नजर न हलवता तिने उलटा वार पुरा केला, तिसरा प्रकारही केला, वाकून नमस्कार केला. मी पास झालो.

वॉटर कूलरपाशी तिने अंगठा गार पाण्याखाली धरला होता. तो सुजून जाड झाला होता.

"मी सांगतो सरांना."

"काहून? तुमचा काता नापास करतील. पुन्हा परीक्षा इथं कधी होईल, कोणाला माहीत?"

"उद्या शिबिराच्या स्पर्धेत तुझी मॅच आहे."

"माझी आहे ना, काका? मग मला बघू द्या."

मी गप्प बसलो. तिने सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला ती श्रेणी हवी होती.

दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून आलेल्या एका बाईशी तिची लढत झाली. पहिला गुण तिने घेतला, पुढचे दोन गेले. समोरचा वार अडवताना तिची मूठ टिकत नव्हती. आमच्यातला एक जण म्हणाला, "व्हिसाचा शिक्का बसला की मनगट ढिलं पडतंच." सगळे हसले. तीही हसली. मी माझे कपडे घडी घालत बसलो. त्यानंतर लवकरच ती अमेरिकेला गेली आणि ते वाक्य इथे राहिलं.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. तिकडे ती आता मुलांना केंडो शिकवते. हे सगळं लिहू का, विचारलं.

"लिहा ना. पण लागलं होतं म्हणून हरली, असं रडगाणं नका लिहू. पहिला पॉइंट कसा मिळाला ते लिहा."

तर तो असा. वार डाव्या हाताने करायचा, उजव्याने फक्त दिशा द्यायची, असं मुख्य शिक्षक शिबिरभर सांगत होते आणि आम्ही सगळे उजव्यानेच हाणत होतो. त्या दिवशी तिचा उजवा हात कामाचाच नव्हता. समोरची बाई पुढे सरकणार, तेवढ्यात हिची तलवार सरळ वर गेली आणि सरळ खाली आली. ती कधी उचलली गेली ते मला दिसलंच नाही. शिरस्त्राणावर स्वच्छ आवाज झाला आणि तिन्ही पंचांची निशाणं एकदम वर गेली. भिंतीशी बसलेल्या मुख्य शिक्षकांनी पाठ ताठ केली. केंडोत गुण मिळाल्यावर आनंद दाखवला तर गुण काढून घेतात. ती वळली, जागेवर आली, तलवार समोर धरून उभी राहिली. हातमोज्यातला उजवा अंगठा मुठीला टेकलेला नव्हता. का, ते त्या हॉलमध्ये तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं.