पहिल्या सहीची जागा

“व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होता कामा नये, या मागणीच्या निवेदनावर शिरूर-दौंड भागातून पहिली सही बापूसाहेबांची होती.”

बापूसाहेब वकिलांच्या गौरवग्रंथात असे छापले आहे. त्या निवेदनाचा मसुदा मी केला होता. तेव्हा या वाक्याचा समाचार घेणे मला भाग आहे.

साल १९७८. घटनादुरुस्तीचे विधेयक दिल्लीत चर्चेत होते. निमोण्याचे सोनवणे मास्तर माझ्या शिरूरच्या ऑफिसात आले. आणीबाणीत त्यांना विनाचौकशी डांबले होते. त्यांच्यासाठी मी हेबियस कॉर्पसची तयारी केली होती. म्हणजे, या माणसाला कोणत्या कायद्याने अडकवले, असा सरकारला कोर्टापुढे जाब विचारणारा अर्ज. तो चालला नाही. ज्या हक्काच्या बळावर मागायचे, तोच स्थगित होता. मास्तरांच्या पत्नीला हे समजावताना मला माझ्या सनदेची लाज वाटली.

“वकीलसाहेब, उद्या पुन्हा उचललं, तर तुमचा अर्ज चालंल का?”

“घटनेत तशी तरतूद झाली, तर चालेल.”

“मग मागा की. बसलोय मी.”

दोन प्रती टाइप केल्या. दौंडच्या तीन वकिलांसह आम्ही नऊजणांनी सह्या केल्या, त्या दुसऱ्या क्रमांकापासून. पहिली जागा सर्वांत ज्येष्ठ वकिलासाठी मोकळी सोडायची, असा बाररूमचा रिवाज होता. ज्येष्ठ म्हणजे बापूसाहेब. प्रती त्यांच्याकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी तेव्हा त्यांचे नाव घेतले जात होते. ग्रंथाच्या संपादकांना नेमके एवढेच आठवत नाही.

शेवटी मास्तरांना घेऊन मीच गेलो.

“मास्तर, आता सरकार लोकांनी निवडलेलं आहे,” बापूसाहेब म्हणाले. “एवढी घाई कशाला?”

“मला उचललं तवाबी लोकांनीच निवडलेलं व्हतं, साहेब.”

बापूसाहेबांनी चष्मा पुसला. मग दोन्ही प्रती माझ्या हातात दिल्या.

एक प्रत पहिली जागा कोरी ठेवूनच दिल्लीला रवाना झाली. पुढे दुरुस्ती झाली. तो हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. ती आमच्या कागदामुळे झाली, असे मानण्याइतका मी गौरवग्रंथी नाही. ऑफिस-कॉपी कधी फेकू नये, एवढे मात्र शिकलो.

ती दुसरी प्रत माझ्याकडे आहे. तिच्यावर पहिल्या जागी, बापूसाहेबांच्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिले आहे : ‘नंतर पाहू.’