वहिनीच्या पायाला लावलेलं तेल

हे मी देवापुढे बसूनसुद्धा कधी पुरतं बोललेले नाही. ओठांशी येतं आणि मग — अय्यो, राहू दे, म्हणत मी समईची वात सारखी करत बसते. आज तुमच्याजवळ बोलते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

ते दिवस आठवले की सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटतं. हूटगळ्ळीचं आमचं नवं घर, भिंतींना अजून रंगाचा वास, दुपारचं मऊ ऊन, आणि त्या उन्हात पाय लांब करून बसलेली वहिनी. अण्णाची बायको, साताऱ्याकडची. आमचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून खुदुखुदु हसायची. कन्नड तिला अजिबात येत नव्हतं. अण्णा सरगूरला नोकरीला, म्हणून दवाखान्यात तिच्याबरोबर मी. डॉक्टरांचं बोलणं तिला मराठीत सांगायचं तेही मीच. किती विश्वासानं बघायची माझ्या तोंडाकडे!

तिला रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार होता. शरीर आपल्याच नसांवर उलटतं म्हणे. त्या दिवशी डॉक्टर मला कन्नडमध्ये सावकाश समजावत होते — आजार सध्या जोरात आहे, अशा वेळी रक्तात गुठळी होण्याची भीती जास्त. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, तर त्याच दिवशी घेऊन या. आणि चोळू नका, अजिबात नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल.

"काय म्हणाले, वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही गं, सुम्ने, उगीच आपलं. गोळ्या वेळेवर घे म्हणाले."

का? रविवारी कृष्णराजनगरची माणसं मला बघायला येणार होती. आधीची स्थळं मोडलेली. घरात असं काही कळलं असतं तर आईनं हाय खाल्ली असती, बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला असता — आणि ती माणसं पुन्हा आली असती का? रविवार जाऊ दे, मग सांगू. एवढंच होतं माझ्या मनात. एवढंच म्हणते मी, ऐकताय ना?

शनिवारी तिची डावी पोटरी सुजली. ताठ, लालसर. "वन्सं, जरा तेल चोळता?" म्हणाली. नको कसं म्हणू? नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. मी एरंडेल कोमट केलं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणं चाललेलं, पडदा हळूहळू हलत होता, आणि वहिनी डोळे मिटून पुटपुटली, "किती बरं वाटतंय." माझ्या बोटांखाली काय असेल ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं — आणि तरी मी चोळत राहिले.

रविवारी तिनंच उप्पीट केलं, केसरीभात केला. पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं. ते चपला घालत होते तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात खाली बसली. तिला श्वास घेता येईना.

ती वाचली. पण थांबा, माझं सांगून झालेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर संतापले. एवढं बजावलं होतं, मग आणलं का नाही? अण्णा शेजारीच उभा होता. आणि मी कन्नडमध्ये म्हणाले, "मी सांगितलं होतं सर. त्याच विसरल्या." नाकाला नळी लावलेली वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला एक शब्द कळला नाही. मी तिच्यासाठीच डॉक्टरांशी भांडतेय असं वाटून तिनं माझा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर अण्णा तिला खूप बोलला. ती गोंधळून माझ्याकडे वळली. मी खाली बघत राहिले. "असेल," ती म्हणाली. "दुखण्याच्या भरात माझ्या डोक्यातून गेलं असेल."

ते स्थळ जमलं. संसार चांगला झाला माझा, खोटं कशाला बोलू? वहिनीला मात्र आजही जिना चढला की धाप लागते. आता ती फडाफडा कन्नड बोलते. कुणी दुखण्याचं विचारलं की हसत हसत सांगते — डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं हो, मीच वेंधळी, मीच विसरले. तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेली असते.