लता पितांबर, धुळे

माझी मामेबहीण लता आठशे मीटरची शर्यत सहज जिंकू शकत होती, तरी चार वर्षं ती मुद्दाम दुसरी आली. कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या कारणाचा मला भारी राग यायचा.

ती जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादची. १९८४ साली दहावी होऊन कॉलेजसाठी आमच्याकडे, धुळ्याला देवपुरात आली. तिला सोडायला आलेल्या तिच्या वडिलांनी, पितांबर मामांनी, माझ्या आईला बजावलं, "इंदिरा, पोरगी शिकाले ठेवतो. उड्या माराले नाही." लताच्या थोरल्या बहिणीला, शेवंताला, कुणीतरी शाळेत कबड्डी खेळताना पाहिलं, तर मामांनी महिन्याच्या आत तिचं लग्न लावून टाकलं होतं. ते लतानं डोळ्यांनी पाहिलेलं.

तरी हिची पळायची खोड जाईना. पहाटे पांझरेच्या काठानं पळायची आणि अर्धी चड्डी धुऊन परकराखाली वाळत घालायची. आईला सगळं कळत होतं, ती तिकडं बघायचीच नाही. कॉलेजच्या देवचंद सरांनी लताला धुळे जिल्ह्याच्या संघात घेतलं. तिलाही धुळेच बरं वाटलं. जळगावच्या बातम्यांचं पान नशिराबादला पारावर मोठ्यानं वाचलं जायचं, धुळ्याचं तिथं पोचतच नसे. पण पहिल्या नंबराचा फोटो दोन्हीकडे छापायचे. म्हणून शेवटच्या पन्नास मीटरला लताबाई हळू व्हायच्या. सर कपाळावर हात मारायचे, "शेवटच्या पन्नास मीटरला तुला होतं तरी काय?"

१९८८ ला विभागीय स्पर्धा नेमक्या जळगावला आल्या. नशिराबाद तिथून हाकेच्या अंतरावर. "सर, नावात आबांचं नाव नका लिहू," लता रडकुंडीला येऊन म्हणाली. सर म्हणाले, पूर्ण नावाशिवाय फॉर्म घेत नाहीत.

माइकवरून पुकारा झाला, "लता पितांबर बऱ्हाटे, धुळे!" मैदानाशेजारच्या रस्त्यानं मामा केळीच्या व्यापाऱ्याकडे निघाले होते. भर रस्त्यात स्वतःचं नाव ऐकून त्यांनी सायकल थांबवली. मी पाहिलं तेव्हा ते मैदानाभोवतीच्या दोरीला धरून उभे होते.

पहिल्या फेरीत तिला ते दिसले नाहीत. दुसऱ्या फेरीच्या वळणावर दिसले. आता ही मटकन खाली बसणार, असं मला वाटलं. पण ती सुटलीच. जळगावची मुलगी मागे पडली, शेवटची फक्कीची रेघ मागे गेली, तरी ही थेट कुंपणापर्यंत पळत राहिली. ती जिंकायला पळाली असं लोक म्हणतात. खोटं आहे. ती बापाला भिऊन पळाली.

मामा चालत आले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी तिच्या कमरेला गुंडाळलं.

"पहिला नंबर कोनाचा?"

"माझा, आबा."

"कोन्त्या जिल्ह्याचा?"

"धुळ्याचा."

"मंग तठीच राह्य आता," मामा म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

त्यांनी तिला ओढत नेलं नाही, लग्नही लावलं नाही. पण घरीही कधी बोलावलं नाही, दिवाळीलासुद्धा नाही. लता आणखी सहा वर्षं धुळ्याकडून पळाली, राज्यापर्यंत गेली, फोटो छापून आले. ते उपरणं मात्र प्रत्येक शर्यतीला तिच्या पिशवीत असायचं.

१९९४ मधली तिची शेवटची शर्यत पुन्हा जळगावलाच होती. सकाळपासून तिनं मला दहादा विचारलं, "आबा आलेत का गं?" आवाजात भीती तीच होती, फक्त आता ती मामा न येण्याची होती. पुकारा झाला तेव्हा मी रस्त्याकडं पाहिलं. कुणीच थांबलं नाही.

दुसऱ्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या पन्नास मीटरला हळू झाली, मान वळवून दोरीच्या कडेनं एकेक तोंड पाहत राहिली. तेवढ्यात जळगावची मुलगी पुढं निघून गेली.

"शेवटच्या पन्नास मीटरला तुला होतं तरी काय?" केस पांढरे झालेल्या सरांनी विचारलं.

लतानं पिशवीतून उपरणं काढलं, कमरेला गुंडाळलं आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली.