राणीच्या तोंडावरचं गोंदण

"चाट," नाना म्हणाले. "जिभघाई चाट. एक रेघ ऱ्हायाले नको."

गोठ्याची भिंत होती. भिंतीवर कोळशाने आणि गेरूने काढलेली घोड्यावरची राणी होती. काढणारी मी. माझी मान नानांच्या मुठीत, नाक भिंतीला टेकलेलं. मागे लग्नाचे पाहुणे उभे, तोंडात विडे. काहीजण हसत होते. एकजण म्हणाला, जाऊ द्या हो नाना, लग्नघर आहे. म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

मी चाटली. हो, चाटली. पोळ्याला बैलांसाठी गोठा चुन्याने सारवतात, त्या चुन्याचे पोपडे झाले होते. ते जिभेला चिकटायचे. खाली माती, मातीत भुसा. आधी घोडीचे खूर चाटले. मग पाय. कोळसा थुंकीत कालवला जाऊन हनुवटीवरून गळत होता. खरबरीत भिंतीने जीभ सोलली, रक्त आलं, आणि गेरू कुठला नि रक्त कुठलं ते कळेना. पाहुण्यांतली एक बाई पदराने तोंड झाकून हसली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. भेटली असती तर मी तिचं थोबाड फोडलं असतं.

आम्ही भिल्ल. शहाद्याकडून ब्राह्मणपुरीला जाताना मध्ये आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला आमची भिलाटी, आणि गावात नानांचं घर, नानांची केळी, नानांचा कापूस. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हताच, महाराष्ट्रसुद्धा नव्हता. बाप साप चावून मेला तेव्हा मी रांगत होते. याहा, म्हणजे माझी आई, नानांच्या गोठ्यात शेण काढायची. तिच्याबरोबर मी. घरात आम्ही भिली बोलायचो. याहाचं बोलणं मी इथे मराठीत सांगते आहे. नानांचं बोलणं मात्र जसं होतं तसंच ठेवते, ते मला बदलायचं नाही.

नानांचा धाकटा मुलगा वसंत माझ्याच वयाचा. शाळेत जायचा. त्याच्या नावाने टपालाने मुलांचं मासिक यायचं. त्यात एका राणीची चित्रकथा. घोड्यावर बसलेली, हातात तलवार, आणि डोळे हे एवढाले. मोठे, काळे, कुणाच्या बापाला न भिणारे. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा शेणाची पाटी डोक्यावर तशीच राहिली. वसंत ओट्यावर बसून वाचायचा. मी जवळ गेले की म्हणायचा, "हात नको लावू. दूरथीन देख."

मग मी दुरून बघायची. डोळ्यांनी गिळायची म्हणा ना. आणि दुपारी गोठ्यात आले की चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर काढायची. दुरून सगळं थोडंच दिसतं? जे दिसलं नाही ते मी घरून भरलं. राणीच्या पायात काय होतं ते दिसलं नव्हतं, तर मी तिला अनवाणी ठेवलं. कमरेला काय होतं ते कळलं नाही, तर मी तिला आमच्या बायांसारखा कासोटा नेसवला. मला वाटलं, राणी म्हणजे तरी बाईच ना.

दुपारी भाकरी खायला गोठ्यात बाया जमायच्या. भाकरीबरोबर त्यांना माझी राणी तोंडी लावायला मिळायची.

"अगं, घोडीला पोट आहे का नाही? उपाशी मारतेस का बिचारीला?"

"हात बघ राणीचा. तलवार धरलीय की मुसळ?"

मी लगेच शेणकाला फिरवून पुसायची, पुन्हा काढायची. पुन्हा विचारायची, आता? आता कुठं चुकलं सांगा. छान छान म्हणणारीवर मी चिडायची. छान म्हटल्याने हात सुधारत नाही. चूक दाखवली की दुसऱ्या दिवशी घोडीचं पोट भरायचं, तलवारीला धार यायची. वसंतसुद्धा यायचा. त्याला मासिकातलं चित्र पाठ. तो म्हणायचा, "राणीनं नाक चपटं नही ऱ्हास." मी नाक थोडं वर काढायची. तो म्हणायचा, डोळे आणखी मोठे कर, चित्रात तसेच असतात. मी करायची. मला तो माझा गुरूच वाटायचा. केवढी मूर्ख मी.

याहा तेवढी काही बोलायची नाही. एकदा पाटी खाली ठेवून भिंतीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "हिचं तोंड उघडं आहे."

"म्हणजे?"

"गोंदण कुठंय? एवढी मोठी बाई, आणि तोंडाला गोंदण नाही? मेल्यावर हिच्याबरोबर जाणार काय?"

आमच्यात असं आहे. चांदी उतरवून घेतात, लुगडं उतरवून घेतात, गोंदण कुणाला उतरवता येत नाही. ते अंगाबरोबर जातं. याहाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला कानशिलाकडे गोंदलेला मोर होता, कपाळावर आणि हनुवटीवर टिपके. मी जसंच्या तसं राणीला काढलं. आणि राणी एकदम जिवंत झाली. आता ती छापलेल्या पानातली राहिली नव्हती, आमच्या भिलाटीत पाणी भरायला येईल अशी झाली. मला इतका आनंद झाला की मी घोडीच्या मानेवर दोन मुके घेतले, तोंड काळं झालं, बाया खो खो हसल्या.

ही गोष्ट थंडीतली. नानांच्या थोरल्याचं लग्न झालं उन्हाळ्यात. राणी भिंतीवर तोवर जुनी झाली होती. नवी सून मी पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्यासारखीला मांडवात कोण येऊ देतो?

सून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरच्या बाया घर बघत बघत मागे गोठ्यापर्यंत आल्या. म्हशी बघितल्या, बैल बघितले, मग भिंत बघितली. सुनेचे डोळे मोठे होते म्हणे. एकीने तोंडावर हात मारला.

"वं माय! हाई ते नवी सून शे!"

"तिले भिलीन करी टाकं!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या.

ते हसणं गोठ्यातून मांडवात गेलं. मांडवातून नानांच्या कानात. व्याह्यांसमोर, पाहुण्यांसमोर. आणि नाना आले.

"हाई चित्तर कोनी काढं?"

मी म्हणाले, मी. मला वाटलं, विचारताहेत तर बघतील. सांगतील काही. खरंच तसं वाटलं होतं मला.

थप्पड इतकी जोरात बसली की मी म्हशीच्या पायाशी जाऊन पडले. उठले ती केसांनी ओढून उठवली म्हणून.

"मन्ही सूनना तोंडवर भिलनीनं गोंदन? तुन्ही जात दखाडी दिन्ही तू!"

मी ओरडून सांगितलं, ही तुमची सून नाही, मासिकातली राणी आहे, सून यायच्या आधीची आहे, वसंतभाऊंना विचारा. वसंत तिथेच उभा होता, नवा सदरा घालून. त्याला सगळं माहीत होतं. डोळे मोठे कर म्हणणारा तोच. नानांनी त्याच्याकडे बघितलं.

"मी तिले सांगेल व्हतं," तो म्हणाला, "नको काढू म्हनीसन."

एवढंच बोलला. खाली बघून बोलला. त्या थपडेने नाही फुटलं ते माझं इथे आत फुटलं.

"काय चुकनं, नाना?" मी विचारलं. रडत रडत विचारलं.

"तू काढं, हाईच चुकनं," नाना म्हणाले. "चाट."

तर मी चाटत होते. खूर झाले, पाय झाले, पोट झालं, ज्याच्यासाठी मी बायांच्या शिव्या खाल्ल्या ते पोट. तलवार झाली. मग राणीचं तोंड आलं. हनुवटीचे टिपके समोर आले आणि माझी जीभ आत गेली. ती बाहेर येईना. मी तोंड घट्ट मिटलं.

नानांनी मान मागे ओढली आणि तोंड भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पुढचा दात तुटला तो मी ऐकला आधी, दुखला नंतर. तरी मी तोंड उघडलं नाही.

"चाट, रांड!"

नाही.

याहा गोठ्याच्या दारात उभी होती. डोक्यावर शेणाची पाटी. कुणी तिला पाटी खाली ठेव म्हणालं नव्हतं, आणि तिला आपणहून ठेवायचं सुचलं नाही. नानांचं लक्ष तिच्याकडे गेलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मोर ओळखला त्यांनी.

"मंग तू चाट," ते याहाला म्हणाले. "तुन्हंच तोंड शे ना हाई?"

याहाने पाटी खाली ठेवली. आणि ती यायला लागली. भिंतीकडे. गुडघे वाकवून, हात जोडून, माझ्या बाजूला येऊन तिने तोंड पुढे केलं. माझी आई. स्वतःचं गोंदण चाटायला. मला सोडवायला ती तेही करणार होती. तिच्या डोळ्याजवळचा मोर भिंतीवरच्या मोराच्या अगदी समोर आला.

मग मी नानांचा हात धरला आणि चावले.

असं तसं नाही. मानेवर होता तोच हात, अंगठ्याच्या मुळाशी. हाड लागेपर्यंत चावले. तुटक्या दाताने, सोललेल्या जिभेने. नाना बोंबलले. एवढा मोठा माणूस, बोकडासारखा बोंबलला. मला सांगायला लाज वाटत नाही, ते रक्त मला गोड लागलं. लोकांनी माझा जबडा दोन्हीकडून दाबून उघडला तेव्हा मी सोडलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. बैल हाकायची पराणी घेऊन मला मारलं. उजवा हात दगडावर धरून मारला, ज्याने काढलं तो. दोन बोटं तिथेच वाकडी झाली, अजून तशीच आहेत. याहा मध्ये पडली तर तिच्या पाठीवर. मग आम्हा दोघींना फरफटत भिलाटीच्या वाटेवर टाकलं. मांडवात वाजंत्री परत सुरू झाली होती.

त्या संध्याकाळी याहाने माझं तोंड धुतलं. चुना, कोळसा, दाताचा तुकडा. बोटांना हळद लावून चिंधी बांधली. मला वाटलं आता ही मला म्हणणार, पुन्हा कोळशाला हात लावलास तर याद राख. म्हणायला हवंच होतं तिने. भाकरी गेली होती आमची.

चूल पेटवून ती माझ्यासमोर बसली. चुलीच्या उजेडात तोंड माझ्या अगदी जवळ आणलं.

"माझा मोर बघ," म्हणाली. "मान कुणीकडे आहे?"

मला बोलता येत नव्हतं. बोट दाखवलं.

"कानाकडे. तू डोळ्याकडे काढली होतीस. रोज बघतेस ना माझं तोंड? आंधळी आहेस का?"

आणि मग ती रडली. मी पण. पण मी तो मोर नीट बघून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला गेलो नाही. जायचं होतं कुठे? पण भिलाटीतल्या बाकीच्या बायाही गेल्या नाहीत. कुणी सभा घेतली नव्हती. सकाळ झाली आणि एकीनेही पाटी उचलली नाही, बस्स. नानांचा माणूस दोनदा बोलवायला आला. लग्नघराच्या मागे शेण साठत गेलं, उन्हाळ्याचे दिवस, माशा मांडवापर्यंत.

आमच्या झोपडीची एक भिंत गाडीवाटेला होती. नानांची बैलगाडी शेताकडे तिथूनच जायची. याहाने ती भिंत सारवून दिली. मी डाव्या हातात कोळसा धरला. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. डावा हात ऐकत नव्हता, घोडी गाढवासारखी झाली, बायांनी सांगितलं, मी पुसली, पुन्हा काढली. पहिल्यापेक्षा मोठी. अनवाणी, कासोटा नेसलेली, डोळ्याजवळ मोर. मोराची मान कानाकडे.

नानांची गाडी आली. हाताला फडकं बांधलेलं. गाडी थांबली.

"पुस," नाना म्हणाले. "आत्तेच पुसी टाक."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मागे याहा उभी होती आणि याहाच्या मागे बाया, गवत कापायचे विळे हातात. मी म्हणाले, "काय चुकनं ते सांगा, नाना. चुकनं व्हई ते पुससू. नही ते गाडी हाका."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, विळ्यांकडे बघितलं. गाडी हाकली.

आमचं भलं झालं असं समजू नका. गावात आम्हाला पुन्हा काम मिळालं नाही. आम्ही नंदुरबारला गेलो, मिरचीच्या खळ्यावर देठ खुडायला. सोललेली जीभ आणि हवेत मिरची. कित्येक दिवस मी पाणीसुद्धा रडत प्यायले. याहा तिथेच खोकून खोकून मेली. चांदी तिच्या अंगावर नव्हतीच. मोर तिच्याबरोबर गेला.

मी अजून काढते. वाकड्या बोटांच्या हातानेही काढते आता. काढलं की दारात मांडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, सांगा, कुठं चुकलं? जो चूक दाखवतो त्याचं मी ऐकते, मग तो कुणीही असो, शेंबडं पोर असलं तरी. जो पुस म्हणतो, त्याने हात सांभाळावा. माझा एक दात गेलाय. बाकीचे आहेत.