लाल कोब्यावरच्या उलट्या कमानी

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचत नाही, आणि कुणी सांगायला बसलं तर उठून कामाला लागते. शाळेत गणित शिकवते. तेव्हा या सदरासाठी आपण कधी काही लिहू असं वाटलं नव्हतं. गेल्या अंकातला एका बाईंचा अनुभव वाचून हे म्हणाले, "अगं, तुझं त्यापेक्षा खरं आहे, तूच लिही." म्हणून लिहिते — जे झालं तेवढंच.

आमचं घर ठाण्याला, कोपरीत. स्टेशनच्या पूर्वेला उतरून खाडीकडे चालत गेलं की बैठ्या कौलारू घरांची एक ओळ लागते, तिच्यातलं शेवटून दुसरं. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, मधे माजघर. एकोणीसशे एकोणपन्नास साली लग्न होऊन मी इथे आले. यांची पहिली पत्नी त्याआधी दोन वर्षं टायफॉईडने गेली होती. मुलगी कुसुम, नऊ वर्षांची. ती मला कशानेच हाक मारत नसे. वाढलेलं निम्मं जेवून उठे.

घराची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. खाडी जवळ, त्यामुळे ओल बारमाही, आणि माजघरात झोपणाऱ्या कुसुमचा खोकला जाता जात नव्हता. मी लाल कोबा करून घ्यायचं ठरवलं. यांनी खटपट करून परमिटवर सिमेंट आणलं. गवंड्याने जुनी जमीन खणली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या सारवणाचे थर पापुद्र्यासारखे सुटून आले. ते अंगणात टाकले. कुसुम दुपारभर त्या ढिगाशेजारी बसून राहिली. "आईनं सारवलेलं होतं ते," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणंच सोडलं.

तिचे मामा कल्याणला असत. अधूनमधून येत. भाचीची अवस्था बघून त्यांनी यांना स्वच्छ सांगितलं, की दिवाळीआधी येऊन मुलीला कायमची घेऊन जाईन. माझ्या बहिणीचं या घरात आता काही उरलेलं नाही, असं म्हणाले. हे गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे कबूलच. मला भरून आलं वगैरे लिहिलं तर ते गोड होईल, खरं होणार नाही. पण सावत्र आई आली आणि पोरीचं घर सुटलं, हे त्या मुलीच्या कपाळी जन्मभर राहिलं असतं. ते मला नको होतं.

कोबा मात्र छान झाला. हिरमिजी रंग घातलेलं सिमेंट थापीने घोटून घोटून गुळगुळीत केलं. मग मातीचे बुटके बांध घालून आठवडाभर त्यावर पाणी साठवलं. पूर्ण वाळल्यावर खोबरेलात मेण वितळवून ते चोळायचं, जिरलं की पुन्हा चोळायचं, म्हणजे आरशासारखी चमक येते आणि ओलही वर येत नाही. हे काम मी स्वतः केलं. माझी पुसायची रीत सरळ रेषेची — या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले. मागच्या दारातून तिरपं ऊन कोब्यावर पडलं होतं, आणि त्या उजेडात माजघराच्या मधोमध कमानी दिसल्या. एकीला लागून एक, ओळीने. सारवताना हाताच्या उमटतात ना, तशाच.

माझा पहिला संशय कुसुमवर. पण कमानी मोठ्या माणसाच्या हाताच्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीचा हात तेवढा फिरणारच नाही. सोड्याच्या गरम पाण्याने सगळं घासून काढलं. कमानी गेल्या. पुन्हा तेल-मेण लावलं... पुन्हा त्याच जागी कमानी. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, तेल कुठे जास्त पितं कुठे कमी. त्याने दगडाने तेवढा भाग घासून दिला. तेल लावलं, कमानी हजर.

तिसऱ्यांदा मी सोडा घेऊन बसले, तेव्हा कुसुम दारात येऊन उभी राहिली.

"घासू नका. आईचा हात आहे तो."

"कशावरून?"

"उलटा आहे."

मी एका कमानीवरून उजवा हात फिरवून पाहिला. कोपर अडत होतं. डावा हात ठेवला, तर तो आपसूक फिरला.

रात्रीच्या जेवणानंतर यांना विचारलं. हे म्हणाले, "डावरी होती ती. पण माझ्या आईला खपायचं नाही, म्हणून चारचौघांत सगळं उजव्यानं करायची. सारवताना कोण बघतंय? तुला काय सांगायचं त्यात?" मला खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं. गवंड्याला तर ते कळायचा संभवच नव्हता.

रविवारी सकाळी मामा आले. कुसुमची ट्रंक ओटीवर भरून ठेवलेली. कुसुम शेजारी निरोप घ्यायला गेली होती, आणि मी या प्रकाराबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. पाणी प्यायला आत येताना ते माजघराच्या उंबऱ्यावर थांबले.

"बाई, हे कुणी सारवलंय?"

"कोबा आहे तो," मी म्हटलं. "सारवत नाहीत."

ते उकिडवे बसले आणि त्यांनी एका कमानीवर डावा हात ठेवला. मी सांगितलेलं नसताना, डावाच. "अक्काचा हात आहे हा," म्हणाले. "आमची आई याच हातावर फटके मारायची तिच्या."

मी चहा ठेवला, तो निवून गेला. मग यांना म्हणाले, "भावोजी, ट्रंक आत घ्या. कुसुमची आई इथं असताना मी तिला नेऊ कुठं?"

शेजारून परत आलेल्या कुसुमनेच ट्रंक ओढत आत आणली. मामा गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मला भूक लागलीय." मागून खाल्लेली तिची ती पहिली भाकरी. खोकला त्या हिवाळ्यात गेला. त्याचं श्रेय मी कोरड्या जमिनीला देते.

कुसुमचं गेल्या वर्षी लग्न झालं. तिला डोंबिवलीला दिली आहे. आजही मी कोब्याला तेल लावते ते भिंतींच्या कडेकडेने. मधल्या भागाला इतक्या वर्षांत फडकं लावलेलं नाही. कुसुम लावत असेल असं मी इतके दिवस धरून चालले होते. तिला विचारलं, तर तिनेही कधी लावलेलं नाही. कडा महिन्याभरात निस्तेज होतात. मधला भाग होत नाही.

शाळेतल्या सायन्सच्या बाई म्हणाल्या, कडेचं तेल मधे झिरपत असेल. मी विचारलं, मग कडांच्या आधी मधली चमक का जात नाही? त्या वह्या तपासायला लागल्या.

हल्ली यांच्या मनात आहे की कोबा उखडून मोझेइकच्या लाद्या घालाव्यात. मी नको म्हटलं. यांनी कारण विचारलं, तर आठ दिवस घर उलटंपालटं होईल, असं सांगितलं.