दिवट्यांना मारलेली हाक

नांदेडला उतरलो तो नानाकाकांचं काम घेऊन. आमच्या दिवटे घराण्याचा इतिहास ते छापणार होते आणि मला त्यासाठी मूळ गावाचे फोटो तेवढे काढून आणायचे होते. पणजोबांचे आजोबा राणोजी एका सरदारापुढे दिवटी (मशाल) धरायचे, म्हणून आपण दिवटे, असं काकांनी ठोकून दिलं होतं. सरदाराचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

जळकोटच्या एसटीचं टायर कंधारच्या पुढे बसलं. तासभर बाभळीखाली बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली काळी रानं. जळकोटहून रिक्षानं गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

पारावर आडनाव सांगितलं, तर लोकांनी थेट दर्ग्याकडे धाडलं. दारातच शिवणयंत्र मांडून बसलेले म्हातारे मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) बाशूमियाँ लगबगीनं उठले.

"दिवटे? राणूबाबाचे? बसा की दादा!"

संदल (उरुसातली चंदनाची मिरवणूक) निघायची ती राणोजीच्या दिवटीमागून. पुढे घराणं गाव सोडून गेलं, मान तसाच राहिला.

"अजून बी आधी वेशीकडं तोंड करून तीनदा पुकारतो, 'दिवटे हायत का?' कुणी न्हाई आलं, तर मंग मी धरतो. तुमची अमानत हाय ती."

मला भरून आलं.

"तुमच्या काकांना बी सांगितलं की. गेल्या साली आल्ते. समदं लिहून घेतलं, चहा पिऊन गेले."

अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे काकांना सगळं ठाऊक होतं! त्यांना बिननावाचा सरदार चालला, पण राणोजीनं हयातभर ज्यांच्यासाठी उजेड धरला ती माणसं चालली नाहीत. त्यांचा चहा तेवढा चालला.

परतताना नांदेड स्टेशनातूनच फोन लावला.

"अरे, घराण्याची काही शोभा असते," काका म्हणाले. "दर्ग्याचं कशाला मध्ये? आणि तिकडे आता आपलं आहे तरी कोण?"

"दर्ग्याचं पान घाला, नाहीतर माझं नाव गाळा."

"गाळतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुस्तक निघालं. वंशावळीत वडिलांच्या नावाखाली कोरा कागद आहे. बघितलं की अजून संताप येतो.

संदलच्या दिवशी मी वेशीत जाऊन उभा राहिलो. बाशूमियाँनी पुकारलं आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

"थांबा की दादा," ते ओरडले, "अजून दोन बाकी हायत!"