टब स्वच्छ होता

धुलाईच्या खोलीतला तो जस्ती पत्र्याचा टब वसतिगृहाच्या मालकीचा होता, असे पुढे कागदोपत्री लिहिले गेले. पण ते खरे नव्हे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मावशीने तो स्वतः डोक्यावर पालथा घालून आणला होता, आणि त्या दिवसापासून नर्सिंग शिकणाऱ्या मुली तिला टबमावशी म्हणू लागल्या. या गोष्टीला एकतीस वर्षे झाली होती.

चादरी भिजवणे हे टबाचे मूळ काम. बाकीची कामे त्याच्याकडे आपसूक चालत आली. ताप डोक्यात चढलेल्या एका मुलीला त्यात गार पाण्यात बसवले होते. छत गळे तेव्हा तो जिन्याखाली जाई. कोठाराला आग लागली तेव्हा मावशीने तो पालथा घालून बडवला आणि साऱ्या इमारतीला जागे केले. एकदा गारा पडल्या, तेव्हा खुद्द मेट्रनबाई तो डोक्यावर धरून अंगण ओलांडून गेल्या होत्या. हा किस्सा मावशी दरवर्षी नव्या मुलींना सांगे, मात्र मेट्रनबाई जवळपास नाहीत याची आधी खात्री करून.

आणि दर रविवारी त्यात तिचा नवरा बसे. तो मूळचा रंगारी. शिडीवरून पडल्यापासून कमरेखाली लुळा. धुलाईच्या मागची खोली त्या दोघांना मिळाली होती, अर्थात नोकरी असेपर्यंतच. खोलीला उंबरठा नव्हता आणि नळ दाराशीच होता, त्यामुळे चाकांच्या पाटावरून नवऱ्याला एकटीने टबापर्यंत नेता येई. निवृत्तीला आठ महिने उरले होते. खोली पुढेही राहू देऊ, असा शब्द मेट्रनबाईंनी दिला होता, पण तोंडी. म्हणून हल्ली मावशी कोणत्याच कामाला नाही म्हणत नसे.

क्रीडादिनाच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पिंपाला चीर गेलेली आढळली.

"आता ऐंशी जणींचं लिंबूपाणी काय ओंजळीत करू?" स्वयंपाकीण करवादली.

"माझा टब आहे की."

"अगं बाई, त्यात तुझा नवरा आंघोळ करतो!"

"तुझ्या पातेल्यांपेक्षा स्वच्छ आहे. टबही आणि नवराही."

मावशीने टब राखेने घासला, उकळत्या पाण्याने तीनदा धुतला, उन्हात वाळवला. नऊ वाजता लिंबे पिळली. शर्यती लांबल्या आणि पेले फिरले ते दीड वाजता. अडीचपर्यंत बेचाळीस मुली ओकत होत्या.

संध्याकाळी सगळ्या उठून बसल्या, पण तोवर पालक फाटकाशी जमले होते. डॉक्टरांनी उरलेले पाणी बाटलीत भरून तपासणीला पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. चौकशीला थांबायला वेळ नव्हता.

"कपड्यांच्या टबात प्यायचं पाणी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "एवढीही अक्कल नसावी?"

"टब स्वच्छ होता, बाई."

"मग काय मुली हौसेनं ओकल्या?"

"उद्या याच टबात, याच मापानं करते. तेवढाच वेळ ठेवते. आणि तुमच्यासमोर पिते."

घरी नवऱ्याने कपाळावर हात मारला. "कशाला अंगावर घेतेस? चुकलं म्हण, पाय धर. खोली तरी राहील."

"न केलेल्या घाणीची माफी मागू? एकतीस वर्षं हात झिजवले ते कशासाठी?"

"माझ्यासाठी माग," तो म्हणाला. ती उद्यासाठी लिंबे मोजू लागली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तिने मेट्रनबाईंच्या समोर दोन पेले रिते केले. कारकून घड्याळ बघत होता. दहा मिनिटे गेली, वीस गेली. "बघा," मावशी हसून म्हणाली, आणि तिने टेबलाची कड धरली. कपाळाला घाम फुटला. दारापर्यंत जाणे शक्य नव्हते. जवळ होता तो टबच. ती त्यातच ओकली.

कारकुनाने लिहिले: भांडे अस्वच्छ. संबंधित सेविकेने प्रात्यक्षिकाने मान्य केले.

पंधरा दिवसांत खोली रिकामी झाली.

अहवाल आला एकोणिसाव्या दिवशी. पाण्यात रोगजंतू नव्हते. लिंबाच्या आंबटपणाने पत्र्यावरचे जस्त विरघळून पाण्यात उतरले होते. भांडे कितीही स्वच्छ असते तरी हेच झाले असते. कारकुनाने कागदाला दोन भोके पाडली, तो फायलीत मागच्या बाजूला लावला आणि फायलीची दोरी बांधली. कळवावे असे कुणालाच वाटले नाही.

मावशी आणि तिचा नवरा तेव्हा भाच्याकडे तिसऱ्या मजल्यावर होते. नवऱ्याला तिथून खाली उतरवणे जमण्यासारखे नव्हते. वसतिगृहाने टाकून दिलेला टब तिने सोबत आणला होता; तो आत मावला नाही, म्हणून जिन्याच्या वळणावर ठेवला होता. मावशी रोज तिथे बसून तो घासे. बोटांची सालटी निघाली होती.

"एकदा बसव की मला त्यात," एका रविवारी नवरा आतून म्हणाला. "ओल्या फडक्यानं मळ कुठं निघतो?"

घासण्याचा आवाज थांबला नाही.

"नको," ती म्हणाली. "अजून घाण आहे तो."